बांधकामाच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवायचं तर एका घनमीटरपासून

प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला उपयोजित अर्थशास्त्र शिकवायचं काम अंगावर आलं आहे. आठवड्याला 3 तास, 15 आठवडे. शिकवणाऱ्याची पदवी स्थापत्यची. मुलं मागणीच्या नियमाची व्याख्या घडाघडा म्हणतात, पण खडीचा भाव वाढला तर तो कोणाच्या खिशातून जाणार असं विचारलं की वर्ग गप्प. सुरुवात कुठून करावी, काय वगळावं, परीक्षा कशी घ्यावी?

मागणी-पुरवठ्याच्या आलेखापासून सुरुवात करू नका. तो आलेख चुकीचा नाही, पण तो मुलांच्या वहीत सहाव्या आठवड्यात, त्यांच्याच आकड्यांमधून उमटला पाहिजे. पहिल्या दिवशी फळ्यावर काढला की तो फक्त पाठ होतो. ही मुलं एस्टिमेट करून आलेली असतात आणि दरपृथक्करण, म्हणजे कामाच्या एका एककाचा दर माल आणि मजुरीत फोडून काढणं, त्यांना येतं. म्हणजे अर्थशास्त्राचा कच्चा माल त्यांच्याकडे आधीच आहे. त्याला कोणती नावं द्यायची एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

पहिल्या तासाला फळ्यावर एवढंच लिहा: एम20 काँक्रीट, 1:1.5:3, एक घनमीटर.

एक घनमीटर ओल्या काँक्रीटला कोरडा माल 1.54 घनमीटर धरायचा. सिमेंट, वाळू आणि खडी मिळून एकूण भाग 5.5. सिमेंट आलं 0.28 घनमीटर, 1,440 किलो घनतेने 403 किलो, म्हणजे 8.06 गोण्या. वाळू 0.42 घनमीटर, खडी 0.84 घनमीटर. पुरवठादार घनमीटरमध्ये बोलत नाही, ब्रासमध्ये बोलतो, म्हणून 2.83 ने भागा: वाळू 0.148 ब्रास, खडी 0.297 ब्रास. पुढचे दर वर्गापुरते धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर मुलांनी आणायचे. सिमेंट 350 रुपये गोणी, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) 4,500 रुपये ब्रास, खडी 3,500 रुपये ब्रास. सिमेंटचे 2,821, वाळूचे 668, खडीचे 1,039. मालाचे एकूण 4,528 रुपये.

आता मजुरी. इथे सरकारी दरसूचीतला आकडा उचलू देऊ नका, टोळी मांडायला लावा. 2 मिस्त्री 1,000 रुपये रोजाने, 12 बिगारी 700 रुपये रोजाने, म्हणजे 10,400. मिक्सर, व्हायब्रेटर आणि डिझेल धरून 3,600. दिवसाचे 14,000 रुपये. एका गोणीच्या घाण्यातून साधारण 0.124 घनमीटर माल निघतो. सव्वाचार मिनिटांना एक घाणा धरला तर आठ तासांत सुमारे 14 घनमीटर होतात. म्हणजे घनमीटरला 1,000 रुपये. माल आणि मजुरी मिळून 5,528, त्यावर ठेकेदाराचा 10 टक्के, एकूण 6,081 रुपये. पाणी, क्युअरिंग आणि सेंट्रिंग यात नाही. मुलांना ते विचारू द्या, विचारतातच.

हा आकडा आला की खरा तास सुरू होतो. विचारा: खडीचा डंपर दुपारी आला आणि दिवसात 7 घनमीटरच झालं तर? मजुरी तेवढीच द्यायची, यंत्राचं भाडं तेवढंच, डिझेल थोडं वाचेल ते सोडून द्या. घनमीटरला 1,000 चे 2,000 झाले. हा स्थिर खर्च. आता उलट: 14 च्या आत एक घनमीटर जास्त केलं तर वाढीव मजुरी शून्य, फक्त माल लागला. पण 14 च्या पुढे गेलात तर ओव्हरटाइम. टोळीचा ताशी खर्च 1,300, दुप्पट दराने 2,600, आणि तासाला 1.75 घनमीटर, म्हणजे वाढीव घनमीटरला नुसती मजुरीच सुमारे 1,490. सीमान्त खर्चातला, म्हणजे पुढच्या एका घनमीटरच्या खर्चातला, मजुरीचा भाग शून्यावरून एका उडीत दीड हजारावर. पुस्तकातला तो गुळगुळीत वाडग्यासारखा वक्र साईटवर असा पायरीसारखा असतो, हे मुलांनी स्वतः काढलं तर आयुष्यभर विसरत नाहीत. मग विचारा, एवढं महाग पडतंय तर 14 वर थांबत का नाही? कारण स्लॅब अर्ध्यात सोडला तर भलत्या जागी जोड येतो, आणि तो जोड पुढे गळतो. थांबण्यालाही किंमत असते. संधिखर्च, म्हणजे एक पर्याय निवडताना सोडलेल्या दुसऱ्याची किंमत, शिकवायला यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही.

दर आणण्याचं काम गटांना द्या, पण मोकळं सोडू नका. नुसता 'सिमेंट 350' असा आकडा निरुपयोगी आहे. प्रत्येक दरासोबत सहा गोष्टी लिहायला लावा: तारीख, प्रत, एकक, दुकानातला भाव की साईटपोच, हमाली कोणाची, रोख की उधार. यातली शेवटची नोंद सोनं आहे. दुकानदार म्हणाला रोखीने 350 आणि महिन्याच्या उधारीवर 360, तर ते दहा रुपये म्हणजे काय? 350 वर महिन्याला 2.86 टक्के, सरळव्याजाने वर्षाला 34 टक्के. हार्डवेअरचं दुकान ही बांधकामातली सगळ्यात महागडी सावकारी असते आणि ती कुठल्याच एस्टिमेटमध्ये दिसत नाही. हा हिशोब दुसऱ्याच आठवड्यात होऊ द्या, पुढच्या व्याजाच्या प्रकरणाची भूक तिथे तयार होते.

ब्रासच्या बाबतीत एक सावधगिरी. वाळू ओलसर असली की फुगते. 5 टक्क्यांच्या आसपास ओलाव्याला आकारमान 20 ते 30 टक्के वाढू शकतं, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. मापाने घेतलेल्या ओलसर वाळूत तुम्ही हवेचे पैसे देता. प्रयोगशाळेत मोजपात्र घेऊन फुगवटा मोजायचा प्रयोग मुलांनी केलेलाच असतो. त्याच आकड्याने 4,500 च्या ब्रासचा खरा भाव काढायला लावा: फुगवटा 25 टक्के असेल तर 5,625. प्रयोगवहीतला आकडा रुपयांत आलेला बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, शिकवताना बहुतेक ठिकाणी चहा आणि कॉफी येते. तुमच्याकडे सिमेंट आहे. 1,000 चौरस फुटांचं घर, ढोबळ मानाने फुटाला 0.4 गोणी, म्हणजे 400 गोण्या, 1,40,000 रुपये. बांधकामाचा दर 2,000 रुपये फूट धरला तर घर 20 लाखांचं, त्यात सिमेंटचा वाटा 7 टक्के. सिमेंट 10 टक्क्यांनी महागलं तर घराचा खर्च 0.7 टक्क्याने वाढतो. एवढ्यासाठी कोणी घर बांधायचं थांबवत नाही, आणि सिमेंटऐवजी दुसरं काही वापरताही येत नाही. म्हणून सिमेंटची मागणी भावाला फारशी दबत नाही. मागणी दबत नसेल आणि विकणारे मोजके असतील तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण घरचंच आहे: भारतीय स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल 6,000 कोटींहून अधिक दंड ठोठावला, प्रकरण अपिलात गेलं, 2016 मध्ये आयोगाने पुन्हा दंडाचा आदेश काढला आणि त्यावरही अपिलं झाली. निकालाच्या तपशिलात शिरू नका. 7 टक्क्यांचा वाटा आणि मोजके विक्रेते ही जोडी मुलांच्या लक्षात राहिली की पुरे.

गंमत म्हणजे छोट्या वाट्याचा हा सिद्धान्त मांडताना इंग्लिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये उदाहरण घेतलं होतं ते घरबांधणीतल्या गिलावा करणाऱ्या कारागिरांच्या संपाचंच. छोटा वाटा असलेला कारागीर अडून बसला तर मजुरी वाढवून घेऊ शकतो, कारण त्याच्यावाचून घर अडतं. आज हीच जागा टाइल बसवणाऱ्या चांगल्या मिस्त्रीची आहे. वाळूची गोष्ट वेगळी. तिला पर्याय आहे. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, भाव चढतो आणि गिऱ्हाईक क्रश सँडकडे वळतं. दोन्हींचे भाव जून ते ऑक्टोबर मुलांना दर पंधरवड्याला नोंदवायला लावले की आडवी लवचिकता, म्हणजे एकाच्या भावाने दुसऱ्याची मागणी हलणं, वेगळी शिकवावी लागत नाही.

मजुरीबद्दल अजून एकच. रोजंदारीवर काम दिलं तर वेग मरतो, उक्तं दिलं तर दर्जा. उक्त्या गिलाव्यात गिलावा चढवण्याआधी भिंतीवर पाणी मारणं, सांध्यांना जाळी लावणं, क्युअरिंग ही न दिसणारी कामं आधी गळतात, कारण पैसे चौरस फुटाचे असतात. त्यावर उपाय म्हणून किती पैसे थांबवायचे, किती दिवस, आणि मुकादमाला दिलेली उचल बुडण्याचा धोका दरात किती धरायचा, यावर एक तास वादविवाद घ्या. प्रोत्साहनांचं अर्थशास्त्र त्यातच आहे.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो भाग. मुलांना खर्च दिसतो, पण खर्चाची तारीख दिसत नाही. चक्रवाढीचं सूत्र त्यांना येत असतं. 20 लाखांच्या कर्जाला 9 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 17,995 रुपये येतो आणि एकूण सुमारे 43.19 लाख भरावे लागतात, हेही ते काढतात. पण दोन पर्यायांची तुलना करताना तारखा पुसून नुसती बेरीज करतात. ती सवय मोडायला एकच उदाहरण चार तास पुरतं.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग, 100 चौरस मीटर. पर्याय एक: ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), 1,20,000 रुपये, 12 वर्षं टिकेल. पर्याय दोन: रासायनिक लेप, 50,000 रुपये, दर 4 वर्षांनी पुन्हा, म्हणजे आज, चौथ्या वर्षाच्या शेवटी आणि आठव्या वर्षाच्या शेवटी. दर पुन्हा वर्गापुरते.

पहिला टप्पा, नुसती बेरीज: कोबा 1,20,000, लेप 1,50,000. सगळा वर्ग कोबा म्हणतो.

दुसरा टप्पा, 10 टक्के दराने आजची किंमत: चौथ्या वर्षाच्या रुपयाचे आज 68.3 पैसे, आठव्या वर्षाच्या रुपयाचे 46.7 पैसे. लेप 1,07,476. उत्तर उलटलं. इथे दहा मिनिटं काही बोलू नका.

तिसरा टप्पा: दर 5 टक्के केला तर लेप 1,24,977, म्हणजे पुन्हा कोबा. साधारण सव्वासहा टक्क्यांच्या आसपास दोन्ही सारखे. मग कोणाचा दर धरायचा? सोसायटीचे पैसे मुदत ठेवीत पडले असतील तर एक, ठेकेदार 18 टक्क्यांनी कर्ज काढून काम करत असेल तर दुसरा. एकच गच्ची, दोन मालक, दोन बरोबर उत्तरं. 'सर, बरोबर उत्तर कोणतं?' हा प्रश्न इथे येतोच. उत्तर सांगू नका, मालक कोण ते विचारा.

चौथा टप्पा हा सापळा आहे. 10 टक्के हा बँकेचा दर महागाई पोटात घेऊन आलेला असतो, पण चौथ्या वर्षाचा लेप आपण आजच्याच 50,000 ला धरला. दर बाजारातला आणि भाव आजचे, ही मिसळ चुकीची. लेपाचा भाव वर्षाला 6 टक्क्यांनी वाढणार असेल तर 1.10 भागिले 1.06, खरा दर 3.77 टक्के. लेप झाला सुमारे 1,30,300. कोबा जिंकला. ही चूक विद्यार्थीच करतात असं समजू नका. मोठ्या अहवालांतही ती सापडते.

पाचवा टप्पा: महागाई बाजूला ठेवा, दर 10 टक्के, पण लेप पुन्हा मारायच्या आदल्या वर्षी, म्हणजे 3, 7 आणि 11 या वर्षांत, गळती होऊन खालच्या छताच्या दुरुस्तीला 10,000 रुपये लागतात असं धरा. त्याची आजची किंमत 16,150. लेप 1,23,626, पुन्हा कोब्याच्या वर. आता विचारा की कोब्याचं वजन स्लॅबवर पडतं ते कोणी धरलं? डिझाइनच्या सरांकडे पाठवा त्यांना.

या उदाहरणाचा नियम एकच: उत्तर कधीही एकटं लिहायचं नाही. कोणता दर धरला, भाव आजचे की वाढते, आणि कोणत्या आकड्याला उत्तर उलटतं, या तीन ओळी सोबत नसतील तर गुण नाहीत.

त्याच आठवड्यात बुडीत खर्चाला अर्धा तास द्या. बोअर 250 फूट मारली, कोरडी, 30,000 गेले. अजून 100 फुटांना 15,000 लागतील. मुलं 'एवढे घातले आहेत तर' असं म्हणतात. त्यांचे वडीलही तेच म्हणतात. प्रश्न फक्त पुढच्या 15,000 चा आणि पुढच्या 100 फुटांत पाणी लागण्याच्या शक्यतेचा आहे. गेलेले 30,000 दोन्ही बाजूंना सारखेच गेले आहेत.

नंतर ठेकेदाराचा पैशांचा ओघ. हा भाग अभ्यासक्रमात चार ओळींचा असतो आणि धंद्यात सगळ्यात जास्त माणसं इथेच बुडतात. नफा असलेला ठेकेदार बुडतो कसा, असा प्रश्न लिहून ठेवा आणि पुढचं गणित द्या.

60 लाखांचं काम, 6 महिने. महिन्याचं काम लाखांत 5, 10, 15, 15, 10, 5. खर्च कामाच्या 90 टक्के, म्हणजे नफा 6 लाख. महिन्याअखेर मोजमाप, चालू बिल पुढच्या महिन्याच्या शेवटी मिळतं, त्यातून 5 टक्के अनामत कापली जाते आणि ती दोषदायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर परत मिळते. आगाऊ रक्कम नाही. कर सोडून द्या.

बिल हातात पडण्याच्या आदल्या दिवशी खिशातून गेलेली एकूण रक्कम लाखांत अशी:
पहिला महिना 4.50
दुसरा 13.50
तिसरा 22.25
चौथा 26.25
पाचवा 21.00
सहावा 11.25
सातवा 1.75

सातव्या महिन्याच्या शेवटी शेवटचं बिल आलं की हातात 3 लाख, उरलेले 3 लाख अनामतीत. म्हणजे 6 लाख नफ्याच्या कामाला सव्वासव्वीस लाखांची ताकद लागते, आणि शेवटचं बिल आलं त्या दिवशीही अर्धाच नफा दिसतो. महिन्याला दीड टक्का व्याज धरलं तर वरच्या रकान्याची बेरीज 100.5, व्याज सुमारे 1.51 लाख. नफ्याचा चौथा हिस्सा व्याजात गेला आणि एस्टिमेटमध्ये व्याजाची ओळच नव्हती.

मग एकच बदल करा: बिल अजून एक महिना उशिरा. शिखर 35.75 लाखांवर जातं, व्याज 2.32 लाख होतं. एका महिन्याच्या उशिराची किंमत 81,000 रुपये. तुलनेसाठी, त्याच नफ्यात सिमेंटच्या भावात घासाघीस करून किती वाचलं असतं ते गटांना काढू द्या. मग ठेकेदार सुरुवातीच्या बाबींचे, म्हणजे खोदाई आणि पायाचे, दर चढे का लावतो आणि रंगकामाचे उतरते का लावतो, हे सांगावं लागत नाही. निविदा तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसवून तेच पुन्हा विचारा: पाया पुरा करून ठेकेदार पळाला तर?

इथे हमखास होणाऱ्या चुका तीन. कापलेली अनामत मुलं मिळकत म्हणून त्याच महिन्यात धरतात. घसारा रोख खर्च म्हणून घालतात, म्हणजे मिक्सर घेतानाचे पैसे एकदा आणि घसारा पुन्हा. आणि शिखर काढताना बिल मिळाल्यानंतरची शिल्लक बघतात, आदल्या दिवशीची नाही. वरच्या उदाहरणात त्याने 26.25 ऐवजी 12.75 दिसतं आणि ठेकेदार बँकेकडे निम्मंच कर्ज मागतो.

यंत्राचा प्रश्न झटपट होतो. मिक्सर 1,20,000 चा, आयुष्य 6 वर्षं, भंगारात 20,000. वर्षाचा घसारा 16,667, सरासरी अडकलेल्या 70,000 वर 10 टक्क्यांनी व्याज 7,000, दुरुस्ती 12,000, एकूण 35,667. भाड्याचा मिक्सर दिवसाला 1,000 रुपये, डिझेल आणि चालवणारा दोन्हीकडे सारखा. वर्षाला 36 दिवसांच्या पुढे काम असेल तर विकत घ्या. व्याज विसरलात तर उत्तर 29 दिवस येतं. पावसाळ्याचे महिने वजा करून खरे कामाचे दिवस किती, हे मुलांनी एखाद्या ठेकेदाराच्या हजेरीपटावरून काढावं.

जमिनीचं प्रकरण मात्र दमाने घ्या, कारण इथे वर्गाचा एक पक्का समज उलटवायचा असतो: 'जागा महाग, म्हणून फ्लॅट महाग.' 10,000 चौरस फुटांचा भूखंड, एफएसआय 2, म्हणजे भूखंडाच्या दुप्पट बांधकामाला परवानगी. विकण्याजोगं चटईक्षेत्र 16,000 फूट, 6,000 रुपये दराने विक्री 9.6 कोटी. एफएसआयमध्ये न मोजलेलं धरून बांधकाम 26,000 फूट, 2,000 ने 5.2 कोटी. परवानग्या, शुल्क, जाहिरात, व्याज 1.4 कोटी. विक्रीवर 15 टक्के नफा 1.44 कोटी. जमिनीला उरले 1.56 कोटी. बिल्डर जास्तीत जास्त एवढेच देऊ शकतो.

आता फ्लॅटचा दर 10 टक्क्यांनी वाढवा. जमिनीला उरतात 2.376 कोटी, म्हणजे 52 टक्के वाढ. बांधकामखर्च 10 टक्क्यांनी वाढवा, दर तोच ठेवा: जमिनीला 1.04 कोटी, 33 टक्के घट. जमिनीचा भाव हा उरलेला आकडा आहे, म्हणून तो सगळ्यात जास्त उड्या मारतो. इंग्लिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये धान्याबद्दल हेच म्हटलं होतं: खंड भरावा लागतो म्हणून धान्य महाग नाही, धान्य महाग आहे म्हणून खंड भरावा लागतो. शेतकऱ्यांच्या घरातली मुलं वर्गात असतील तर हे वाक्य त्यांना लगेच पोचतं. पुढचा प्रश्न: जमीन आधीच घेऊन झाली आणि मग स्टील महागलं तर? तेव्हा मार नफ्यावर. म्हणजे कोण सोसणार हे करार कोणत्या तारखेला झाला त्यावर. चटई, बांधीव आणि भूखंडाचं क्षेत्र यांची गल्लत इथे सर्रास होते. प्रत्येक आकड्यापुढे कोणतं क्षेत्र ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

याच गणितात रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्थावर मालमत्ता कायदा, बसवा. महारेराचं काम 1 मे 2017 पासून सुरू झालं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि कामाच्या प्रमाणातच, अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापालाच्या दाखल्यावर काढता येतात. एका प्रकल्पाच्या पैशांनी दुसरी जमीन घ्यायची वाट त्यामुळे अरुंद झाली. त्याचा अर्थ वरच्या 1.4 कोटींतल्या व्याजाच्या ओळीत दिसतो.

करांना दोन तास बास. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर जीएसटी 5 टक्के, परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का, पण मालावर भरलेल्या कराची वजावट नाही. म्हणजे सिमेंटवरचा कर हा बिल्डरचा खर्चच. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वीचा भाव 297 असेल तर गोणी 380 ची 350 व्हायला हवी. 400 गोण्यांवर 12,000 रुपये, 20 लाखांच्या घरावर 0.6 टक्का. खरंच एवढी उतरली का, हे त्या महिन्यांच्या जुन्या बिलांवरून मुलांनी तपासावं. कराचा भार कोणावर, या प्रकरणाचा हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे. करांचे दर बदलतात, म्हणून वहीत दरासोबत तारीख लिहायची शिस्त इथेही.

वगळायचं काय? समवृत्ती वक्र, उत्पादन फलनाची बीजगणितं, राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या पद्धती. स्थूल अर्थशास्त्रातलं एवढंच ठेवा: रेपो दर बदलला की गृहकर्जाचा हप्ता किती हलतो आणि त्याने कोणत्या मापाचे फ्लॅट खपतात. 45 तासांची वाटणी अशी जमते: दरपृथक्करण आणि त्यातून निघणारं सगळं 12, काळ आणि व्याज 10, पैशांचा ओघ 9, जमीन 6, यंत्रं 4, कर 2, रेपो आणि हप्ता 2.

परीक्षेत व्याख्या विचारल्या की मुलं व्याख्या पाठ करणार, त्यांचा दोष नाही. एक छापील कोटेशन द्या, त्यात पाच चुका पेरा: ब्रास आणि घनमीटर यांची सरमिसळ, एका दरात हमाली धरलेली आणि दुसऱ्यात नाही, तीस दिवसांच्या उधारीचा भाव रोखीच्या रकान्यात, तारीख नसलेला एक दर, आणि अनामतीच्या अटीचा उल्लेख नसणं. 10 गुण चुका शोधण्याला, 10 गुण त्यांची रुपयांत किंमत काढण्याला, 5 गुण कोणती चूक कोणाच्या फायद्याची हे सांगण्याला. वही उघडी असू द्या, गणकयंत्र असू द्या. अंतर्गत गुणांसाठी दरांची वही. ती जमा करून घ्या, पण रद्दीत टाकू नका. पुढच्या वर्गाने तिच्यातच पुढचं पान लिहायचं. तीन वर्षांत 8.06 गोण्या, 0.148 ब्रास आणि 0.297 ब्रास या वजनांनी तुमच्याच गावचा काँक्रीटचा निर्देशांक तयार होतो, आणि करारातल्या भाववाढीच्या कलमाचा तास त्याच्यावर घेता येतो.